सतरा नंबर झोपला हाय

माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत दिवा बंद आहे म्हणून ओरडणारे हजार लोक भेटले. दिवा चालू आहे म्हणून तक्रार करणारी एकच बाई भेटली.

मी वायरमन. बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावात माझी ड्युटी आणि घरही तिथंच. वायरमनचा मोबाईल म्हणजे गावाला शिव्या द्यायची हक्काची जागा. हरभऱ्याला पाणी द्यायचं असो की घरी पाहुणे आलेले असोत, लाईन गेली की पहिला फोन मला. त्या सगळ्यांसाठी माझं एकच उत्तर ठरलेलं होतं, "निघालोच, पाच मिनिटांत येते लाईन." मी जेवत असेन नाहीतर दुसऱ्याच गावात खांबावर चढलेला असेन, उत्तर तेच. हे खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. समोरच्याचं डोकं थंड करायला जे बोलायचं त्याला कोण खोटं म्हणतं? सगळेच वायरमन बोलतात.

तक्रार करणारी बाई म्हणजे गावाच्या टोकाला, तांड्याच्या रस्त्यावर राहणारी रिटायर नर्स. तांड्यातलीच लेक. सरकारी दवाखान्यांत नोकरी करून म्हातारपणी परत आली आणि तिथं स्लॅबचं घर बांधून राहिली. नवरा आधीच गेलेला, मुलगी पांढरकवड्याला दिलेली. अख्खं गाव तिला सिस्टरच म्हणायचं, मीही.

"माह्या घरापुढच्या खांबावरचा दिवा बंद करत जा," ती फोनवर म्हणाली. "रोज आठ ते साडेआठ."

"अन् तेवढ्यात अंधारात कोनाले साप चावला तं?"

"मंग मी कायले हाय? नर्सच हाय न मी."

माझं डोकं लवकर तापतं. बायको म्हणते, तारेपेक्षा याच्यातच करंट जास्त. तरातरा गेलो, म्हटलं पाहू तर खरं ही अंधारात काय उद्योग करते. गच्चीवर बोअरच्या केसिंगसारखा जाड नळ लाकडी पेटीत आभाळाकडे तोंड करून ठेवलेला. दुर्बीण. आतला आठ इंची आरसा तिनं यवतमाळच्या काही हौशी लोकांबरोबर बसून, महिना-दीड महिना काचेवर काच घासून स्वतः केला होता. दिवा काही मी बंद केला नाही, नियमात बसत नव्हतं. पण तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची टोपी दिव्याला बसवली. उजेड खाली रस्त्यावर पडू लागला आणि गच्चीवर चांगला अंधार झाला. सिस्टर खूश झाली, म्हणाली, ये, पाह्य.

मी डोळा लावला. मला वाटलं शनीची कडी तरी दिसतील. नुसते ठिपके.

"काय पाहू?"

"सतरा नंबर. तो तिकोन दिसून राह्यला न, त्याच्या मधात."

मी नीट पाहिलं. "मधात तं काहीच नाई."

"बरोबर," ती म्हणाली. "लिही."

मला राग आला. दिवसभर खांबावर चढून आलेल्या माणसाला घरी बोलावून काहीच नाही ते दाखवायचं, आणि वर ते लिहूनही ठेवायला सांगायचं, ही काय थट्टा आहे? तसं मी बोलूनही दाखवलं. ती हसली आणि खाली नेऊन चहा पाजला. त्या चहावर मला पहिल्यांदा कळलं की आभाळात असेही तारे असतात जे एरवी मेल्यासारखे पडून राहतात आणि एखाद्या दिवशी अचानक शंभरपट उजळून उठतात.

तिचं सांगणं साधं होतं. तिथं एक नाही, दोन तारे. एक आटून आटून लहान झालेला, पण भारी वजनाचा. दुसरा त्याच्या अगदी अंगाला खेटून फिरणारा. लहाना मोठ्याच्या अंगावरचा वायू ओढत राहतो, तो वायू त्याच्या भोवती ताटासारखा गोल फिरत साचतो. साचता साचता एक वेळ अशी येते की ते सगळं ताट तापतं आणि एकदम पेटल्यासारखं चमकतं. मग काही दिवसांनी विझतं आणि पुन्हा साचायला सुरुवात.

"म्हणजे डीपीवर लोड वाढत जाते अन् मंग फ्यूज उडते, तसं," मी म्हटलं.

"तसंच. फक्त तुहा फ्यूज उडला तं अंधार होते, याचा उडला तं उजेड होते."

कोणाचा फ्यूज महिन्या-दोन महिन्यांनी उडतो, कोणाचा वर्षानं. सतरा नंबरचा कित्येक वर्षं उडत नाही. तिनं पाहायला सुरुवात केली ती रिटायर झाली त्या वर्षी, आणि शेवटचा तो उठला होता त्याच्या आधी. म्हणजे अकरा वर्षं ती हिवाळाभर रोज संध्याकाळी त्या तिकोनात डोकावून काहीच नाही असं लिहीत होती. एवढं कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे, तो कोणत्या दिवशी उठेल ते कोणालाच आधी सांगता येत नाही. मोठमोठ्या दुर्बिणी दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात. म्हणून जगभर अशी रिकामटेकडी माणसं आपापल्या गच्चीवरून पाळी लावून बसतात आणि एकमेकांना कळवतात. कोणाला दिसला तर तेही कळवायचं, नाही दिसला तर तेही. कालपर्यंत नव्हता हे माहीत असेल तरच आज उठला असं म्हणता येतं.

हे माझ्या डोक्यात बसलं आणि मग निघेना. लाईन नेमकी कुठं तुटली हे शोधायची पद्धत हीच आहे. या खांबापर्यंत करंट आहे, पुढच्या खांबावर नाही, म्हणजे भानगड मधात.

मी रोज जाऊ लागलो. गावानं त्याचा वेगळाच अर्थ लावला. वायरमन संध्याकाळचा सिस्टरच्या गच्चीवर नळी लावून बसतो म्हणजे तारांवर टाकलेले चोरीचे आकडे शोधतो. आठवड्याभरात निम्म्या गावाचे आकडे आपोआप उतरले. साहेबांनी मला शाबासकी दिली, मी गुपचूप घेतली.

तिच्या यादीत वीस तारे होते. त्यांची खरी नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि पुढं नक्षत्राचं नाव. ती त्यांना बेड नंबर म्हणायची. सगळी यादी म्हणजे वॉर्ड, आणि आठ वाजता राउंड. सतरा नंबर मिथुनाच्या पायाशी, आणि हिवाळ्यात आठ वाजता तो पूर्वेला चांगला वर आलेला असे. राउंडच्या आधी डोळ्याला अंधाराची सवय व्हावी म्हणून दहा-पंधरा मिनिटं नुसतं अंधारात बसायचं, मोबाईल काढायचा नाही. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावलेला. नकाशावर शेजारच्या ताऱ्यांचे आकडे, आकडा मोठा तेवढा तारा मंद. अठ्ठ्याण्णव लिहिलं असलं तर समजायचं नऊ पॉइंट आठ. मधला पॉइंट मुद्दाम गाळलेला, कारण नकाशावरचा पॉइंट उद्या कोणी तारा समजेल. आपला तारा कोणापेक्षा उजळ आणि कोणापेक्षा मंद ते डोळ्यानं ठरवायचं, झालं.

आणि मंद तारा पाहायचा असेल तर त्याच्याकडे सरळ पाहायचं नाही. हे शिकायला मला महिना लागला. "तिरपं पाह्य," ती सारखी म्हणायची. "डोयाच्या मधात उजेडाचं काम, कडेले अंधाराचं काम. बाजूले नजर ठेव, तो आपोआप येते." खरंच यायचा. सरळ पाहिलं की गायब, शेजारी नजर ठेवली की हजर. मला त्या गोष्टीचं इतकं नवल वाटायचं की घरी येऊन मी बायकोलाही अंगणात उभं करून दाखवलं. ती म्हणाली, कामाची गोष्ट सांगताना तुम्ही माझ्याकडे असंच पाहता.

तिचं रजिस्टर दवाखान्यातल्या तापाच्या चार्टासारखं आखलेलं होतं. एकदा मी सहज म्हटलं, अठरा नंबर काल नव्हता, आज कुठून येते, लिहून टाका. त्यावर तिनं एक जुनी गोष्ट सांगितली. नवीन नोकरीत, एका रात्रपाळीला तिनं एका लहान मुलीचा ताप न पाहताच चार्टावर लिहिला होता. आधीच्या वेळी नव्हता, पोरगी शांत झोपलेली, लिहून टाकलं नॉर्मल. सकाळी एकशे चार निघाला. मुलगी वाचली. "पन डाक्टरनं माहा चार्ट पाहून औषध थांबवलं होतं," ती म्हणाली. "न घेतलेला ताप लिहाचा नाई. जागा कोरी राहू दे."

दोन हिवाळे असे गेले. मग तिचा डोळा बिघडला. आधी उजवा, मग डावा. "दार दिसते, दाराची कडी दिसत नाई," असं ती सांगायची. यवतमाळच्या डॉक्टरनं पडदा खराब झाला म्हणून सांगितलं, सुया दिल्या, पुढं आणखी बिघडू नये एवढंच होईल म्हणाले. नजरेच्या मधोमध एक मळकट डाग बसला तो बसलाच. अक्षर वाचता येईना, नकाशा तर नाहीच. राउंड माझ्याकडे आला. पाहायचं मी, लिहायचं मी, मोबाईलवरून त्या जगभरच्या यादीत पाठवायचंही मीच. ती शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि सतरा नंबरची पाळी आली की विचारायची, "काय म्हनते?"

"झोपला हाय."

"झोपू दे."

एकदा ती म्हणाली, "मले त्याले एकदा पाहाचं हाय रे. मंग अख्खा डोया गेला तरी माही तक्रार नाई." कधी कशाची रड नसलेली बाई, तिच्या तोंडून हे ऐकून मला गलबलून आलं. मी मनात म्हटलं, सतऱ्या, ऊठ लेका.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, ती चार दिवस मुलीकडे पांढरकवड्याला गेली. चावी माझ्याकडे. पहिले दोन दिवस राउंड नीट झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, बाभळीची फांदी मेन लाईनवर पडली आणि तीन गावं अंधारात. आम्ही दोघं-तिघं अंधार पडला तरी तिथंच. वारा पडून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं, पण वर पाहायला मला फुरसत कुठं होती. नऊच्या सुमारास एका गावाची लाईन चालू केली, बाकी दोन गावांचे फोन सुरूच. दहा जणांना पाच मिनिटांत येते, पाच मिनिटांत येते सांगितलं. अकरावा फोन सिस्टरचा.

"राउंड झाला?"

"झाला," मी म्हणालो.

"सतरा?"

"झोपला हाय."

तिनं बरं म्हणून फोन ठेवला. मी काही ठरवून बोललो नाही. हात ग्रीसनं भरलेले, पोटात अन्न नाही, आणि तोंडाला जी सवय होती तेच तोंडातून निघालं. पण घरी आल्यावर जे केलं ते मात्र ठरवून केलं. जेवलो, आणि बोललोच आहे तर म्हणून मोबाईलवर रोजची ओळ पाठवून दिली. रजिस्टर तिच्या घरी होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तिथंही लिहिलं. तेरा पॉइंट दोनपर्यंतचे मंद तारे पाहिले, सतरा दिसला नाही.

त्याच संध्याकाळी, बरोबर आठ वाजता, मी सतरा नंबरवर दुर्बीण लावली. तिकोनाच्या मधात तारा होता.

मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. होता. तिरपं पाहायची गरजच नव्हती, सरळ समोर बसलेला, निळसर पांढरा. नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला, दुसरीकडेच तर लागली नाही ना दुर्बीण. नाही. एकशे सहापेक्षा मंद, एकशे बारापेक्षा थोडा उजळ. मी त्या गच्चीवर एकटाच हसत सुटलो. खाली रस्त्यानं कोणी जात होतं, ते थांबून वर पाहू लागलं.

कळवायला म्हणून मोबाईल उघडला आणि हसू जिरलं. जपानमधल्या कोणीतरी आदल्या दिवशीच तो उठलेला पाहिला होता. आमची संध्याकाळ व्हायच्या चार तास आधी. बारा पॉइंट चार. म्हणजे मी नुसता डोळा लावला असता तर मला दिसला असता. त्याच्या खालीच माझी ओळ होती, दिसला नाही. आणि त्या ओळीमुळे दुसऱ्या कोणीतरी त्या जपानी माणसाला विचारलं होतं की बाबा, भारतातल्या माणसाला तुझ्यानंतर पाहूनही दिसला नाही, तू नक्की हाच तारा पाहिलास का? तो बिचारा आपल्या खरेपणाची साक्ष देत बसला होता, माझ्यापायी. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तरी सिस्टरला फोन केला. सांगितलं. 

"किती?" तिनं विचारलं.

"अकराच्या आसपास."

"अन् काल नव्हता," ती म्हणाली. "म्हनजे उठता उठता धरला आपन. काल नाई, आज हाय. तुह्यावानी मानूस होता म्हनून झालं रे."

मला खरं सांगायचं होतं. ते सोडून मी म्हटलं, सकाळच्या बसनं या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती यवतमाळला बस बदलून आली. संध्याकाळी साडेसातलाच गच्चीवर. लुगड्याच्या पदरानं चष्मा पुसून ठेवला आणि अंधारात बसून राहिली. आठ वाजता मी तारा बरोबर मधोमध आणून दिला आणि बाजूला झालो. ती वाकली. 

"नाई," ती म्हणाली.

थोडं थांबून पुन्हा पाहिलं. "नाई रे. मधात नुसता डाग."

तेरा वर्षं वाट पाहिलेला तारा उठून समोर उभा आणि हिला दिसू नये. मला राग आला, कोणावर ते सांगता येणार नाही. त्या रागातच मी बोललो, "सरळ कायले पाहता? मले दोन वर्षं काय शिकवलं? तिरपं पाहा. पार कडेले नजर न्या, दिसते त्या गोलाच्या काठाले."

ती हलली नाही. डोळा तसाच लावलेला. तिची मान किंचित उजवीकडे झाली, मग आणखी थोडी. मग ती स्तब्ध झाली.

"आला," ती म्हणाली.

किती वेळ पाहत होती कोण जाणे. मी घड्याळ पाहिलं नाही. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, पुसलं तर नजर हलेल म्हणून. मग एकेक तारा मला विचारून तिनं आपला आकडा ठरवला, एकशे सहापेक्षा थोडा उजळ, म्हणजे दहा पॉइंट पाच. माझा आलेला दहा पॉइंट सहा. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "रजिस्टर काढ. परवाची ओळ वाच, कालची वाच, मंग आजची लिही. माह्या कानानं ऐकू दे."

मी लाल टॉर्च लावला. परवाची ओळ समोर होती. ती मला वाचता येईना.

"सिस्टर," मी म्हटलं, "परवा मी पाह्यलंच नाई. लाईनवर होतो. असंच लिवलं."

 मी जपानी माणसाचंही सांगितलं, सगळं सांगितलं. खालून कुत्र्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं ती ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी वर्षभर तुह्या तोंडानं आभाय पाहून राह्यली," ती हळू म्हणाली. मग विचारलं, "अशा अजून किती ओळी हाय?"

"एकच."

हे खरं होतं. पण ते खरं आहे हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि तपासायला तिच्याकडे डोळे नव्हते. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहत होती. मला कळलं की ती मला नीट पाहायचा प्रयत्न करते आहे.

"खोडू नको," शेवटी ती म्हणाली. "चार्टावर खोडाखोड नसते. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले लिही, पाह्यलं नाई. सही कर. अन् त्या जपानवाल्याले आत्ताच कळव का तो बरोबर होता."

मी रेघ मारली, सही केली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं.  वाटलं आता ती दुर्बीण झाकायला सांगेल आणि चावी परत मागेल. मीच चावी खिशातून काढून हातात धरली.

"ठेव ती," ती म्हणाली. "राउंड कुठं झाला? अठरा नंबर लाव."

मी अठरा नंबर लावला. सरळ पाहिलं, तिरपं पाहिलं, या बाजूनं, त्या बाजूनं. डोळ्याला पाणी येईपर्यंत पाहिलं. मला घाई नव्हती आणि तिनंही केली नाही.

"दिसत नाई," मी म्हणालो.

"लिही," ती म्हणाली.